आळस डोळ्याचा की वडीलधाऱ्यांचा?

जून महिना उजाडला की गावोगावच्या शाळांत प्रवेशाची लगबग सुरू होते. जन्माचा दाखला, लसीकरणाची नोंद, आधार क्रमांक, छायाचित्रे अशा कागदांची चळत हातात घेऊन पालक शाळेच्या कचेरीसमोर उभे राहतात आणि कारकून एकेक कागद पाहून नोंदवहीत खूण करतो. या सर्व कागदांत एका साध्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोठेच नसते : या मुलाला दोन्ही डोळ्यांनी दिसते काय? हा प्रश्न आईवडिलांना विचारला तर ते हसून म्हणतील, ‘न दिसायला काय झाले? जमिनीवर पडलेला तांदळाचा दाणासुद्धा तो उचलतो!’ त्यांचे म्हणणे खोटे नसते. दाणा उचलायला एक डोळा पुरतो. चित्रांचे पुस्तक पाहायला, अंगणात धावायला, पुढे फळ्यावरची अक्षरे वाचायलाही एक डोळा पुरतो. आणि एका डोळ्यावर सगळे भागते म्हणूनच दुसऱ्याने काम सोडले आहे, याचा पत्ता वर्षानुवर्षे कोणालाही लागत नाही.

वैद्यकशास्त्रात या विकाराला ‘अँब्लियोपिया’ म्हणतात आणि लोकांच्या बोलण्यात तो ‘आळशी डोळा’ या नावाने ओळखला जातो. देशोदेशी झालेल्या पाहण्या एकत्र पाहिल्या तर शंभर मुलांत साधारणपणे एक ते तीन मुलांना तो जडलेला आढळतो. याचा अर्थ असा की, चाळीस मुलांच्या वर्गात असे एखादे मूल बसलेले असण्याचा चांगलाच संभव आहे, आणि सहाशे मुलांच्या शाळेत तर अशी पाचदहा मुले धरून चालावे लागेल. त्यांपैकी किती जणांची नावे मुख्याध्यापकांना ठाऊक आहेत, असे विचारले तर बहुतेक शाळांत उत्तर मिळणार नाही. दोष मुख्याध्यापकांचाही नाही. मूल तक्रार करीत नाही. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, त्यातून पाणी येत नाही. ज्याने जन्मापासून जग एकाच डोळ्याने नीट पाहिले, त्याला आपल्याजवळ काही उणे आहे हे कळणार तरी कसे?

‘आळशी डोळा’ हे नाव सोपे असले तरी मुळात अन्यायकारक आहे. या विकारात डोळा बहुधा निरोगी असतो. नेत्रतज्ज्ञ त्यात प्रकाश टाकून आतील पडदा तपासतात, तेव्हा पुष्कळदा सर्व काही यथास्थित दिसते. उणीव असते ती डोळ्याच्या मागे, मेंदूत. माणूस डोळ्याने पाहतो असे आपण म्हणतो. वस्तुतः डोळा केवळ प्रतिमा टिपतो आणि तिचा अर्थ मेंदू लावतो. नवजात बालकाला हा अर्थ लावता येत नाही. मूल जसे हळूहळू चालायला आणि बोलायला शिकते, तसेच ते पाहायलाही शिकते, आणि हे शिक्षण मुख्यतः पहिल्या सातआठ वर्षांत होते. या काळात दोन डोळ्यांकडून येणाऱ्या प्रतिमा सारख्याच स्पष्ट असतील तर मेंदू दोघांनाही सारखा मान देतो. एकीकडून स्पष्ट आणि दुसरीकडून धूसर किंवा भलत्याच दिशेची प्रतिमा येऊ लागली, तर तो स्पष्ट प्रतिमेचा स्वीकार करतो आणि दुसरी बाजूला सारतो. अशी उपेक्षा काही वर्षे चालली की त्या डोळ्याच्या वाट्याचे मेंदूतील जाळे विणलेच जात नाही. मग पुढे कितीही उत्तम चष्मा लावला तरी अक्षरे स्पष्ट होत नाहीत.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन व्हीसेल या दोन शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिलांवर प्रयोग केले आणि १९६३ पासून त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले. पिलाची एक पापणी पहिले काही आठवडे शिवून बंद ठेवली आणि नंतर उघडली, तर डोळा शाबूत असूनही मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील पेशी त्या डोळ्याला जवळजवळ प्रतिसादच देत नाहीत, असे त्यांना आढळले. उलट, वाढ पूर्ण झालेल्या मांजराचा डोळा त्याहून अधिक काळ बंद ठेवला तरी त्याची दृष्टी कायम राहिली. दृष्टीच्या जडणघडणीला ठरावीक मुदत असते, हे या प्रयोगांनी निर्विवाद सिद्ध केले. पुढे १९८१ साली या दोघांना रॉजर स्पेरी यांच्यासह वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या संशोधनाचा सर्वांत मोठा धडा प्रयोगशाळेसाठी नसून बालवाडीसाठी आहे.

डोळ्याची ही उपेक्षा तीन प्रकारांनी सुरू होते. पहिला प्रकार तिरळेपणाचा. एक डोळा समोर आणि दुसरा आत किंवा बाहेर वळलेला असला की एकाच्या दोन वस्तू दिसू लागतील. तो घोटाळा टाळण्यासाठी बालकाचा मेंदू वळलेल्या डोळ्याकडे दुर्लक्ष करतो. दुसरा प्रकार चष्म्याच्या नंबरातील तफावतीचा. एका डोळ्याचा नंबर नगण्य आणि दुसऱ्याचा मोठा असला की नंबर असलेला डोळा मागे पडतो. तिसरा प्रकार सर्वांत विरळा आणि सर्वांत घातक : जन्मजात मोतीबिंदू किंवा खाली लोंबणारी पापणी यांमुळे डोळ्यात प्रतिमा शिरतच नाही. एका डोळ्यात असा दाट मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या अर्भकावर पहिल्या दीडदोन महिन्यांतच शस्त्रक्रिया व्हावी लागते. ‘मूल थोडे मोठे होऊ द्या’ हा वडीलधाऱ्यांचा एरवी शहाणपणाचा सल्ला येथे त्या डोळ्याचा घात करतो.

या तिन्हींत तिरळेपणा तेवढा लोकांच्या नजरेला येतो. परंतु नजरेला येऊनही त्यावर उपाय होतोच असे नाही. किंचित तिरळेपणा भाग्याचे लक्षण आहे, मूल मोठे झाले की डोळे आपोआप सरळ होतील, अशा समजुती सुशिक्षित घरांतही ऐकू येतात. तान्ह्या मुलाचे डोळे पहिले तीनचार महिने अधूनमधून इकडेतिकडे वळतात, हे खरे. काही बालकांचे नाकाचे मूळ रुंद असल्यामुळे डोळे तिरळे नसतानाही तसे भासतात, हेही खरे. परंतु चार महिने उलटल्यावरही डोळा वळत असेल तर तो खरोखरीच तिरळा आहे की केवळ तसा भासतो, हे ठरविण्याचे काम शेजारणीचे किंवा आजीचे नाही. ते नेत्रतज्ज्ञाचे आहे. डोळ्याच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली, किंवा छायाचित्रात एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी उमटली, तर एक दिवसही दवडू नये. तेथे मोतीबिंदूच नव्हे, तर डोळ्यातील कर्करोगाचीही शक्यता असते, आणि वेळीच उपचार झाले तर मुलाचा जीव वाचतो. तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेविषयीही एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. शस्त्रक्रियेने डोळा सरळ होतो. मागे पडलेली दृष्टी केवळ तिने परत येत नाही. तिच्यासाठी वेगळे उपचार करावेच लागतात.

नंबराच्या तफावतीने मागे पडलेला डोळा तर कोणाच्याच ध्यानात येत नाही. डोळे सरळ, टपोरे आणि सुंदर असतात. मूल धडपडत नाही, अभ्यासात मागे पडेलच असेही नाही. अशा मुलांचा विकार कधी दहाव्याबाराव्या वर्षी, तर कधी त्याहूनही उशिरा, एखाद्या योगायोगाने उघडकीस येतो. डोळ्यात कचरा गेला म्हणून मूल एक डोळा मिटते आणि दुसऱ्याने काही दिसत नाही म्हणून घाबरते. किंवा पहाटे उठून मैदानावर धावण्याचा सराव केलेला, छाती-उंचीच्या सर्व कसोट्या पार केलेला तरुण सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत एका डोळ्यापाशी अडतो. दृष्टीची कसोटी लावणाऱ्या इतर अनेक नोकऱ्यांची दारेही त्याच्यासाठी बंद होतात. वयाच्या चौथ्या वर्षी जे दोन ओळींच्या तपासणीत कळले असते, ते विसाव्या वर्षी त्याच्या हाती नापसंतीचा कागद म्हणून येते. यापेक्षाही मोठा धोका पुढे असतो. एक डोळा उत्तम आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या माणसाचा तोच डोळा अपघाताने किंवा रोगाने गेला तर त्याच्यापाशी उरते काय? निसर्गाने दुसरा डोळा जोडीला दिला आहे. तो केवळ चेहऱ्याची शोभा म्हणून नव्हे.

या विकाराची खरी शोकान्तिका अशी की त्यावरचा उपाय जुना, स्वस्त आणि परिणामकारक आहे. चांगला डोळा काही काळ झाकून ठेवावा म्हणजे मागे पडलेल्या डोळ्याला काम करणे भाग पडते, ही कल्पना फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी १७४३ साली मांडली होती. आजही उपचाराचा गाभा तोच आहे. प्रथम योग्य नंबरचा चष्मा दिला जातो आणि तो जागेपणी सर्व वेळ वापरायचा असतो. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, नंबराच्या तफावतीमुळे डोळा मागे पडलेल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे चतुर्थांश मुलांचा विकार केवळ चष्म्याने पूर्ण दूर झाल्याचे आढळले. बाकीच्यांना चांगल्या डोळ्यावर पट्टी लावावी लागते. पूर्वी ही पट्टी दिवसभर ठेवावी लागत असे, आणि त्या जाचानेच अनेक पालक उपचार सोडून देत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तौलनिक चाचण्यांनी हे ओझे पुष्कळ हलके केले. मध्यम स्वरूपाच्या विकारात रोज दोन तासांच्या पट्टीने सहा तासांच्या पट्टीइतकाच लाभ झाला. तीव्र विकारात सहा तासांची पट्टी दिवसभराच्या पट्टीच्या बरोबरीची ठरली. जी मुले पट्टी सहनच करीत नाहीत त्यांच्या चांगल्या डोळ्यात अॅट्रोपिनचे थेंब घालून त्याची जवळची दृष्टी तात्पुरती धूसर करण्याचा मार्गही तितकाच गुणकारी असल्याचे २००२ मध्ये दिसून आले. अर्थात पट्टी किती तास, किती महिने हे नेत्रतज्ज्ञानेच ठरवायचे असते. कारण अतिरेक झाला तर चांगला डोळाच मागे पडू शकतो. मध, गुलाबपाणी किंवा गाजराचा रस यांनी हा विकार बरा होत नाही. त्या नादात जी वर्षे जातात, ती मात्र परत मिळत नाहीत.

उपाय सोपा असला तरी तो पार पाडणे सोपे नाही, हेही मान्य केले पाहिजे. पट्टी लावली की त्या मुलाचा चांगला डोळा झाकला जातो आणि सारे जग एकाएकी धूसर होते. ते रडते, पट्टी उपटून फेकते, चष्म्याच्या कडेवरून डोकावते. ‘चांगला डोळा झाकून तोही घालवाल’ असे घरातले कोणीतरी बजावते. मुलगी असेल तर चार वर्षांच्या पोरीला चष्मा लावला म्हणजे पुढे लग्नात अडचण येईल, अशी चिंता आतापासूनच वाहिली जाते. जणू काही चष्म्याने झाकलेला डोळा हे न दिसणाऱ्या डोळ्यापेक्षा मोठे व्यंग आहे! शाळेत मुले ‘चष्मिस’, ‘काणा’ म्हणून चिडवतात आणि दुसऱ्या दिवशी पट्टी दप्तरात जाते. येथे औषधापेक्षा शिक्षकाचा एक शब्द मोलाचा ठरतो. वर्गातील बाईंनी इतर मुलांना दोन वाक्यांत समजावून सांगितले, पट्टी लावलेल्या मुलाला पुढच्या बाकावर बसविले, चित्र रंगविण्याचे किंवा मणी ओवण्याचे काम त्या दोन तासांत दिले, तर उपचार तडीस जातो. तो पूर्ण झाल्यावरही तपासण्या चालू ठेवाव्या लागतात, कारण पट्टी थांबविल्यानंतर सुमारे चतुर्थांश मुलांची दृष्टी वर्षभरात पुन्हा घसरू शकते.

सातवे वर्ष उलटले म्हणजे सर्व संपले, असा एक निराशेचा समज पूर्वी वैद्यकीय व्यवसायातही होता. तो आता बदलला आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, सात ते सतरा वर्षे वयाच्या ५०७ मुलांवरील अमेरिकन चाचणीत, सात ते बारा वर्षांच्या ज्या मुलांना चष्म्याबरोबर पट्टी व थेंब दिले त्यांच्यापैकी ५३ टक्के मुलांच्या दृष्टीत लक्षणीय सुधारणा झाली. केवळ चष्मा दिलेल्यांत हे प्रमाण २५ टक्के होते. तेराव्या वर्षानंतरही, ज्यांच्यावर पूर्वी कधीच उपचार झाले नव्हते अशांपैकी काहींना लाभ झाला. तेव्हा पाचवीतल्या किंवा सातवीतल्या मुलात हा विकार सापडला तर ‘आता उशीर झाला’ म्हणून त्याला परत पाठवू नये. मात्र उशिरा मिळणारे यश अपुरे आणि कष्टाचे असते. चौथ्या वर्षी जे सहज साधते त्यासाठी दहाव्या वर्षी झगडावे लागते.

मग प्रश्न उरतो तो शोधण्याचा. ज्या देशांनी तो मनावर घेतला त्यांचे अनुभव बोलके आहेत. स्वीडनमध्ये १९७० च्या दशकापासून चार वर्षांच्या मुलांची दृष्टी पद्धतशीर तपासली जाते. तेथे तीव्र स्वरूपाच्या या विकाराचे प्रमाण सुमारे दोन टक्क्यांवरून ०.२ टक्क्यावर आल्याचे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले आहे. इस्राएलमधील हैफा शहरात बालपणीच तपासणी झालेली आणि हदेरा शहरात तशी तपासणी न झालेली आठ वर्षांची मुले यांची तुलना २००० साली प्रसिद्ध झाली. पहिल्या गटात हा विकार एक टक्का, तर दुसऱ्यात २.६ टक्के मुलांत आढळला. या दोन शहरांतील फरक कोणत्या महागड्या यंत्राने घडविलेला नाही, तो वेळेवर केलेल्या तपासणीने घडविला.

भारतात यासाठी काहीच केले गेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला आणि त्याखाली शाळकरी मुलांची नेत्रतपासणी व मोफत चष्मे यांची सोय झाली. २०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ तर महाराष्ट्राच्याच भूमीत, पालघर येथे झाला. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करावी, असे त्यात ठरलेले आहे, आणि तपासावयाच्या दोषांच्या यादीत दृष्टिदोषाचा समावेश आहे. चौकट उभी आहे. तिच्यातल्या फटी बुजविण्याचे काम राहिले आहे. पथकाच्या एका भेटीत वजन, उंची, दात, त्वचा, कान, हृदय असे सारेच पाहायचे असते. या घाईत तीनचार वर्षांच्या मुलाचा एकेक डोळा स्वतंत्रपणे झाकून पाहिला गेला नाही, तर तपासणीच्या कागदावर ‘दृष्टी ठीक’ असा शेरा पडतो आणि विकार निर्वेध वाढत राहतो. दुसरी फट अधिक चमत्कारिक आहे. हा कार्यक्रम मुख्यतः अंगणवाड्या आणि सरकारी व अनुदानित शाळा यांच्यासाठी आहे. शहरातील मध्यमवर्गीयांची मुले ज्या खाजगी ‘नर्सरी’त जातात, तेथे असे पथक सहसा फिरकत नाही. भरमसाट शुल्क भरून, इंग्रजी बडबडगीते पाठ करून घेणाऱ्या त्या पालकांना आपल्या मुलाचा डावा डोळा ती रंगीत पुस्तके पाहतो की नाही, हे ठाऊक नसते.

शिक्षकांवर आणखी एक काम लादू नका, असा आक्षेप यावर घेतला जाईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. निवडणुका, जनगणना, पोषण आहाराच्या नोंदी आणि नाना प्रकारची माहिती भरून देणे यांत शिकविण्याचा वेळ किती उरतो, याची कैफियत शिक्षक वर्षानुवर्षे मांडीत आहेत. परंतु येथे अपेक्षा रोगनिदानाची नाही. भिंतीवर तक्ता टांगावा. अक्षरे न येणाऱ्या मुलासाठी चारी दिशांना तोंड केलेल्या एकाच खुणेचा तक्ता असतो. खुणेचे तोंड जिकडे आहे तिकडे मुलाने बोट दाखवायचे. मुलाचा एक डोळा तळहाताने नीट झाकावा. बोटांनी झाकू नये, कारण फटीतून ते पाहतेच. आधी एका, मग दुसऱ्या डोळ्याने कितव्या ओळीपर्यंत दिसते ते नोंदवावे. दोन डोळ्यांत दोन ओळींचा फरक पडला, किंवा एक डोळा झाकताना मूल गप्प बसते आणि दुसरा झाकताच हात झटकते, असे दिसले की त्याला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. एका मुलाला पाच मिनिटे लागली तरी चाळीस मुलांचे काम वर्षातून दोन सकाळींत आटोपते. शिवाय काही मुले विनाकारण पाठविली जातील, हे खरे. पण त्यांचा अर्धा दिवस आणि दुसऱ्या एखाद्या मुलाचा डोळा यांची तुलना करावयाची असेल तर निवाडा अवघड नाही.

शासनाने यापुढे करावयाच्या गोष्टीही थोड्याच आहेत. तीन ते पाच या वयात प्रत्येक मुलाचा प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे तपासला गेला आहे, अशी नोंद प्रवेशपत्रिकेत आवश्यक करावी आणि खाजगी बालवाड्यांनाही ती बंधनकारक असावी. अंगणवाडी सेविकांना तक्ता वापरण्याचे प्रशिक्षण द्यावे. ज्यांच्यात विकार सापडला त्यांची यादी शाळेत राहावी आणि चष्मा मिळाला की नाही, तो वापरला जातो की नाही, पट्टी चालू आहे की नाही, हे दर दोन-तीन महिन्यांनी विचारले जावे. नाहीतर तपासणीचे आकडे वरिष्ठांकडे जातात, चष्मे कपाटात जातात आणि मूल होते तेथेच राहते.

ही व्यवस्था होईल तेव्हा होवो. तोपर्यंत ज्या घरात तीनचार वर्षांचे मूल आहे, त्या घराला कोणत्याही शासन-निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. मुलाचा एक डोळा तळहाताने झाकून त्याला भिंतीवरचे दिनदर्शिकेतील चित्र ओळखायला सांगावे. मग दुसरा डोळा झाकून तोच खेळ पुन्हा खेळावा, आणि शंका आली किंवा न आली, शाळेत नाव घालण्यापूर्वी एकदा तरी नेत्रतज्ज्ञाला त्याचे डोळे दाखवावेत. डोळ्याला आळशी म्हणणे सोपे असते, कारण डोळा उत्तर देत नाही. त्या मुलाने मात्र विसाव्या वर्षी ‘तेव्हा कोणी पाहिले का नाही?’ असे विचारले, तर त्याचे उत्तर आजच्या वडीलधाऱ्यांनाच द्यावे लागेल.